टेलर अक्कानं मोजलेला वॉर्ड

संध्याला कन्नड वाचता येत नव्हतं. आकडे मात्र कुठल्याही मुलखात ओळखीचेच असतात, आणि टेलर अक्काच्या दुकानाबाहेर जो फळा टांगलेला होता त्यावर अक्षरांपेक्षा आकडेच जास्त असायचे. त्यामुळे सकाळी दूध आणायला जाताना संध्या त्या फळ्यापाशी हमखास घुटमळायची. साडेआठ. साडेबारा. नऊ. कसले हे आकडे? भाव म्हणावेत तर रुपयाची खूण नाही, मटका म्हणावा तर दुकान बाईमाणसाचं.

शेवटी एकदा तिनं घरमालकीण भाग्यलक्ष्मीकाकूंना हाताला धरून फळ्यासमोर उभं केलं. काकूंचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, पण लिहायचं-वाचायचं ते सगळं कन्नडमध्ये.

"स्वल्प थांब गे, चष्मा लावू दे," म्हणत काकूंनी वाचलं. "आरोग्य केंद्राच्या पायऱ्या, नऊ. एका पायरीची उंची, साडेआठ इंच. पहिलीतल्या पोराचा गुडघा जमिनीपासून, साडेबारा इंच. मग खाली लिवलंय, ताप आलेल्या पोरानं चढायचं कसं, हे मी कमिशनरसाहेबांना विचारलंय. उत्तर आलं की इथं लिहीन."

"हे कोण लिहितं?"

"कोण म्हणजे? सोयराबाईच. आपली कॉर्पोरेटर!"

संध्यानं दुकानात डोकावून पाहिलं. गळ्यात टेप टाकलेली पन्नाशीची एक ठेंगणी बाई गणवेशाच्या कापडावर कात्री चालवत होती. त्या बाईला संध्या सहा महिने ओळखत होती, पण कॉर्पोरेटर म्हणून नाही.

ओळख झाली ती शहाण्णव सालच्या जूनमध्ये. संध्याच्या नवऱ्याला, सुशांतला, बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि ही मंडळी पुण्याहून इथं आली. सात वर्षांचा तनय दुसरीत गेला आणि धाकटी निधी तेव्हा नुकती वर्षाची झाली होती. तनयच्या गणवेशासाठी जवळचा आणि मराठी बोलणारा शिंपी म्हणून ती सोयराबाईंकडे गेली. बाईंनी आधी उजव्या पायाचं माप घेतलं, वहीत टिपलं. मग डाव्याचं घेऊ लागल्या. 

"एकच पाय मोजतात ना नेहमी?" ती घाईघाईनं म्हणाली.

"दुसरे शिंपी मोजत असतील. मी दोन्ही मोजते. सगळ्यांचेच."

टेप डाव्या घोट्यापाशी थांबली. बाईंनी आकडा लिहिला, तनयच्या केसांतून हात फिरवला आणि संध्याकडे न बघताच म्हणाल्या, "हाफ पँट नको, फुल शिवते. डावीकडे अर्धा इंच कमी कापीन. पोटरीला स्वल्प सैल ठेवीन. कुणाला कळायचं नाही."

बस्स, एवढंच. कधी झालं, कसं झालं, देवाचं काय केलंत, काही नाही. संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं दुकानाबाहेर पडल्यावर पुसलं.

दोन वर्षांचा असताना तनयला ताप आला होता. त्याआधी पोलिओच्या तिसऱ्या डोसच्या वेळी ती माहेरी नागपूरला लग्नाला गेलेली. परत आल्यावर देऊ, परत आल्यावर देऊ म्हणता म्हणता राहून गेला. पाय फार नाही बिघडला. अनोळखी माणसाला वाटावं, पोरगं जरा दमलंय. पण पुण्याच्या सोसायटीतल्या मुलांना बरोबर कळायचं. ती मुलं त्याच्यामागून त्याच्या चालीची नक्कल करत चालायची. नवं गाव, नवी शाळा, नवी पँट, आणि कुणालाही काही न सांगणं, एवढ्या चार गोष्टींवर संध्यानं संसार पुन्हा मांडला होता.

आणि तीच शिंपीणबाई आता कॉर्पोरेटर! काकूंनी कथा सांगितली ती हसत हसतच. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. पुढाऱ्यांना एक गप्प बसणारी बाई हवी होती, जिच्या नावावर त्यांना कारभार करता येईल. सोयराबाई विधवा, मूलबाळ नाही, दिवसभर मशीनवर मान खाली. "त्यांना वाटलं, मान खाली म्हणजे तोंड पण बंद!" निवडून आल्यावर पुढारी म्हणाले, अक्का, आता ऑफिस घ्या, दोन खुर्च्या टाका. अक्का म्हणाल्या, माझं दुकान हेच ऑफिस, आणि मी काय केलं अन् काय जमलं नाही ते दर मंगळवारी बाहेर लिहिणार. शिंप्याच्या चपट्या खडूनं त्या लिहू लागल्या. गटार किती इंच खोल, त्यावरची फरशी किती इंच तुटकी, बसची पहिली पायरी रस्त्यापासून किती उंच, कुठल्या नळाभोवती डबकं साचतं. जिथं जात तिथं टेप काढत. एकदा म्हणे इंजिनियरच्या डोळ्यांदेखत त्यांनी फुटपाथला टेप लावली, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, ब्लाऊज शिवताय का रस्त्याला?" अक्का म्हणाल्या, "तुम्ही नीट शिवला असता तर मला उसवावा लागला नसता."

डिसेंबरात पोलिओचा दिवस झाला. संध्यानं निधीला आरोग्य केंद्रात नेऊन थेंब पाजून आणले. दुसरा दिवस जानेवारीत, संक्रांतीनंतर लगेच. दोन्ही वेळा द्यायलाच हवेत, असं नर्सनं बजावलं होतं, आणि संध्याला ते दोनदा सांगायची गरज नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी मंगळवारच होता. गल्लीत, म्हणजे इथल्या भाषेत सहाव्या क्रॉसला, मुली नव्या परकर-पोलक्यांत एळ्ळु-बेल्लाची ताटं घेऊन घरोघर फिरत होत्या, तिळगुळाचाच हा इथला भाऊबंद. फळ्यापाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. काकूंनी चष्मा लावला. नेहमी खणखणीत वाचणाऱ्या काकू या वेळी पुटपुटत वाचू लागल्या.

"पोलिओनं पाय लहान-मोठे झालेली आपल्या वॉर्डातली मुलं, अकरा. सरकारी कागदावर तीन आहेत. मी माझ्या मापाच्या वहीवरून मोजली. दुसरा क्रॉस, दोन. तिसरा क्रॉस, एक. पाचवा क्रॉस, तीन. सहावा क्रॉस, एक..."

पुढचं संध्याला ऐकू आलं नाही.

"सहावा म्हणजे आपलाच की गे," काकू वळून म्हणाल्या. "आपल्यात कोण बरं? कोपऱ्यावरच्या त्या मेस्त्रीचा असेल का? नाही, तो तर टुणटुण उड्या मारतो. नावं का नाही लिवली हिनं?"

काकूंच्या स्वरात वाईट काही नव्हतं. नुसतं कुतूहल. पण कुतूहल ही गल्लीत पसरायला दवंडी लागणारी गोष्ट नव्हे. संध्याकाळी मुलांनी रस्त्यावर विटेच्या तुकड्यानं एक लांब रेघ मारली आणि खेळ काढला. एकेकानं रेघेवरून चालून दाखवायचं, बाकीच्यांनी वाकून बघायचं, सहाव्या क्रॉसमधला 'एक' कोण. संध्या वर गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. तिनं हाक मारायच्या आत तनयचा नंबर आला. तो रेघेपाशी गेला, क्षणभर थांबला, आणि "मला भूक लागली" असं मोठ्यानं म्हणून घरात आला. घरातही त्यानं पायातले बूट काढले नाहीत. पोळी दिली ती खाल्ली नाही. "मी उद्यापासून खाली नाही जाणार," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, त्याला शाळेत पोचवून, निधीला कडेवर घेऊन ती तडक दुकानात शिरली.

"तुम्ही म्हणाला होतात, कुणाला कळायचं नाही!"

सोयराबाईंनी मशीन थांबवली. "नाव नाही लिवलं गे मी. एकाचं पण नाही."

"सहाव्या क्रॉसला घरं किती? पंचवीस! त्यांत मुलं किती? आणि पोरं रेघा मारून मोजताहेत त्यांना. मी माझ्या मुलाचं माप तुम्हाला पँटसाठी दिलं होतं, फळ्यासाठी नाही."

"केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरला मी अकरा म्हटलं तर तो म्हणाला, अक्का, कुठून आणले अकरा? म्हणून क्रॉसप्रमाणे लिवलं. पुरावा पाहिजे ना? तीन पोरांसाठी पायऱ्या कोण मोडतो? अकरांसाठी मोडतील."

"मग उद्या आम्ही अकराही जणी पोलिओच्या दिवशी घरातच बसणार. तिथं गेलं की सगळे आमच्याच मुलांच्या पायांकडे बघणार. माझी ही धाकटी राहील डोसावाचून. राहू दे!" जे बोललो ते खरंच करणार आहोत हे संध्याला त्याच क्षणी कळलं, आणि त्याची भीतीही वाटली.

मागच्या पडद्याआडून पुरुषी आवाज आला. "अकरा नव्हे. बारा."

संध्या दचकली. सात महिन्यांत तिनं त्या पडद्यामागं कुणाला पाहिलं नव्हतं.

"परसू, तू गप्प बस," सोयराबाई म्हणाल्या.

"चव्वेचाळीस वर्षं गप्पच आहे की. पडदा ओढ बघू."

बाईंनी पडदा ओढला नाही. संध्यानंच ओढला. आत एका गादीवर टेकून एक टकलू, मिश्कील डोळ्यांचा माणूस शर्टाला काजं करत बसला होता. हात भराभर चालत होते. पाय लुंगीखाली होते, पण भिंतीला टेकवलेल्या दोन कुबड्या सगळं सांगत होत्या.

"मी हिचा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "गावभरच्या शर्टांची काजं मी करतो, पण गावाला वाटतं सोयराच करते. बाबांनी मला कधी बाहेर बसवलं नाही. गिऱ्हाईक येतं, म्हणायचे. बाबा गेले, पडदा राहिला. काल हिनं फळा लिवला तेव्हा मी विचारलं, सोयरा, आपला पहिला क्रॉस किती लिवलंस? म्हणाली, शून्य. मी म्हटलं, मग मी कुठल्या क्रॉसात राहतो?"

 निधीनं टेबलावरचं एक बटण उचलून तोंडात घातलं, ते संध्यानं बोट घालून काढलं.

सोयराबाई खाली बसल्या. "मी मोजायला बसले तेव्हा वही उघडली," त्या हळू म्हणाल्या. "याचं माप वहीत नाही. याचं मला तोंडपाठ आहे. म्हणून राहिलं असेल, असं मी रात्रभर स्वतःला समजावलं."

"आणि?" परसूनं विचारलं.

"आणि खोटं आहे ते. लाज वाटली. बाबांची लाज माझ्याकडे आली आणि मला पत्ता पण नाही."

संध्या भांडायला आली होती, आणि आता कुणाशी भांडायचं हेच तिला कळेना. ती "येते" म्हणून निघाली.

त्या दिवशी बुधवार होता, तरी फळा पुसला गेला. दुपारी काकूच जिना चढून धापा टाकत वर आल्या. "चल गे, बघायला चल! अख्खा बाजार उभा आहे." संध्या गेली नाही. काकूंनी तोंडपाठच करून आणलं होतं. क्रॉसचे आकडे सगळे गेले. त्या जागी लिहिलं होतं: 'काल मी लिहिलं ती माझी चूक. मापं लोकांची असतात, माझी नाहीत. वॉर्डात बारा जण आहेत. त्यातलं एकच नाव सांगायचा मला हक्क आहे, तोही विचारून घेतलाय. माझा भाऊ परसू. वय चव्वेचाळीस. शनिवारी आरोग्य केंद्रात थेंब पाजतील तेव्हा तो दारात बसेल. ज्याला पाय बघायचे त्यानं त्याचे बघावे.'

"तिला भाऊ आहे!" काकूंचा विश्वासच बसत नव्हता. "पंचवीस वर्षं मी तिच्याकडे ब्लाऊज शिवून घेते आणि मला माहीत नाही. कसा असेल गे?"

शनिवार उजाडला. संध्यानं दार लावून घेतलं होतं. निधीला न्यायचं की नाही, हे तिनं तीन दिवसांत शंभरदा ठरवलं आणि मोडलं. एकीकडे नागपूरचं लग्न आणि राहून गेलेला डोस, दुसरीकडे विटेची रेघ. सुशांत शिफ्टला जाताना म्हणाला, "तू ठरव. तुझं ठरेल ते बरोबर." अशी वाक्यं बोलून पुरुष कामावर जातात, तसा तोही गेला.

शेवटी तिढा सोडवला तो तनयनं.

"आई, तो काका खरंच कधी बाहेर आला नाही?"

"असं काकू म्हणतात."

"म्हणजे त्यानं क्रिकेट पण नाही बघितलं? बस पण नाही? मग तो आज बाहेर कसा येणार? मला बघायचंय."

संध्यालाही बघायचं होतं, हे तिला कबूल करायला पाच मिनिटं लागली. मग तिनं निधीला झबलं चढवलं.

केंद्रापाशी वेगळाच तमाशा चालला होता. नऊ पायऱ्यांवरून सोयराबाईंनी लाकडी फळ्यांचा उतार करून घेतला होता, दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा. तीन दिवसांत सुताराकडून केलेलं काम, आणि त्याचं माप सोयराबाईंनी जन्मभराच्या सवयीनं काढलेलं. परसूच्या खांद्यांची रुंदी सतरा इंच, वर चार इंच सैल. परसू रिक्षातून उतरला, कुबड्या काखेत घेतल्या, त्या दोन्हीकडे फाकल्या, आणि तो उताराच्या तोंडाशीच अडकला. कुबड्यांसकट माणूस तीस इंचांचा होतो, हे वॉर्डाच्या सगळ्यात हुशार शिंपिणीच्या लक्षात आलं नव्हतं.

"सोयरा," परसू भर रस्त्यात ओरडला, "कापड कमी पडलं!"

सगळे हसले. आधी बिचकत, मग मोकळे. सोयराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मी माणूस मोजला रे, कुबड्या मोजल्याच नाहीत!"

"कुबड्या वेगळ्या काढून मोजतेस तर मी चालू कसा?"

आतून डॉक्टर बाहेर आले. उचलून न्या म्हणाले, चौघं जण आहेत. परसूनं मान हलवली. "साहेब, उचलून तर मला बाबा पण न्यायचे. मी इथंच बसतो."

तो सगळ्यात खालच्या पायरीवर बसला. सोयराबाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा नऊ पायऱ्यांवरच्या टेबलाकडे बघितलं. पोरं कडेवर घेऊन खाली थांबलेल्या बायकांकडेही बघितलं. मग म्हणाल्या, "माणूस कपड्यात बसत नसेल तर कपडा बदलतात. टेबल खाली आणा."

डॉक्टर ऊन, बर्फाची पेटी, नियम असं काहीतरी म्हणत राहिले, तोवर दुकानातून गणवेशाच्या निळ्या कापडाचा तागा आला, दोन झाडांना बांधला गेला, आणि सावलीत टेबल, नर्स, पेटी सगळं रस्त्यावर मांडलं गेलं. आजीबाया ज्या पायऱ्यांना भिऊन आल्या नव्हत्या, त्याही नातवंडं घेऊन आल्या. कुणी एळ्ळु-बेल्लाचं उरलेलं ताट आणलं.

तनय सरळ परसूजवळ जाऊन उभा राहिला. संध्याचा हात त्याला ओढायला पुढं झाला आणि तिथंच थांबला.

"तुम्हाला पण ताप आला होता?" तनयनं विचारलं.

"आला होता म्हणे. मला आठवत नाही. तुला?"

"मला पण आठवत नाही."

"मग आपण दोघं एकाच शाळेचे. नाव काय?"

"तनय. तुम्ही क्रिकेट बघितलंय?"

"रेडिओवर ऐकलंय. बॉल दिसायला कसा असतो रे, रेडिओत दिसत नाही."

तनय खो-खो हसला आणि बॉल कसा असतो ते दोन्ही हातांनी सांगू लागला. बाजूला उभ्या असलेल्या भाग्यलक्ष्मीकाकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग संध्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला आणि तोंडातून बाहेर पडणार इतक्यात संध्याच म्हणाली,

"हो काकू. डावा पाय. दोन वर्षांचा होता तेव्हापासून."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. काकूंनी नुसतं "अय्यो" म्हटलं, आणि मग, "वर जिना चढताना धरायचा कठडा हलतोय, तो मी घट्ट करून घेते," एवढंच.

निधीनं पहिला थेंब थुंकून टाकला. नर्सनं गाल दाबून दुसरा आत सोडला, आणि तो ती गिळेपर्यंत संध्या तिच्या गळ्याकडे बघत राहिली.

दुपारपर्यंत बरीच घरं येऊन गेली. सोयराबाई मापाची वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ती उघडून बघत, बंद करत. एकदा संध्याला म्हणाल्या, "अकरा घरांतली सात आली. चार राहिली."

"कुठली चार? मी जाते तुमच्याबरोबर. आईनं आईशी बोललेलं बरं पडतं."

सोयराबाईंनी वही पदराखाली घेतली. "तू आईच आहेस गे, म्हणून तर सांगत नाही. त्यांनी पण मला माप पँटसाठीच दिलंय."

त्यांनी नर्सला बोलावलं, छोटी पेटी उचलायला लावली, ताटातला थोडा एळ्ळु-बेल्ला कागदात बांधला आणि दोघी निघाल्या. रस्ता पुढं दोन्हीकडे फुटत होता. डावीकडे दुसरा-तिसरा क्रॉस, उजवीकडे पाचवा. संध्याला फार वाटलं, बघावं कुणीकडे वळतात. त्या घरातली आई कशी असेल, तिच्या पोराची चाल कुणी करून दाखवली असेल का, आपल्यासारखीच दार लावून बसली असेल का. एकदा बघितलं तर कुणाला कळणार होतं?

संध्यानं त्या रस्त्याकडे पाठ फिरवली. टेबलापाशी एक म्हातारी जुळी नातवंडं घेऊन उभी होती आणि नर्सचा मदतनीस एकटाच गांगरला होता. संध्यानं निधीला काकूंकडे दिलं, पदर खोचला आणि एका जुळ्याचे गाल दोन बोटांनी दाबून धरले.